होतेईचं पोट

"श्वास सोडा," मी म्हणाले.

"सोडलाय की."

"नाही सोडलेला. घरचा टेलिफोन नंबर सांगा बघू."

इसोबे तोकुजींनी नंबर सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या आकड्याला त्यांचं पोट सुटून माझ्या फितीवर येऊन टेकलं. ही माझी जुनी युक्ती आहे. बेंबीवर फीत आली की आमच्या इशिबुने गावातला प्रत्येक पुरुष छाती काढून, श्वास ओढून उभा राहतो. फोन नंबर सांगताना श्वास धरून ठेवता येत नाही. आकडा आला एकशे अठरा सेंटीमीटर. सरकारने पुरुषांना घालून दिलेली मर्यादा पंच्याऐंशी. बायकांना नव्वद. माझी स्वतःची कंबर अठ्ठ्याऐंशी असल्यामुळे सरकारच्या या मेहेरबानीचा मी पुरेपूर फायदा घेते.

"अहो नर्सबाई, देवाला पण फीत लावता का?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

समाजमंदिरात हशा पिकला. दारूच्या दुकानाचे हातोरी रांग सोडून पुढे आले आणि तोकुजींच्या उघड्या पोटावर त्यांनी थाप मारली. "हे कमी केलंत तर याद राखा. गावाचं वर्ष याच्यावर चालतं."

तोकुजी हसले. ते नेहमीच हसायचे. कामाने ते पंप दुरुस्त करायचे. आमच्या गावात डोंगरातून गरम पाणी येतं, आणि ते सात ठिकाणच्या पंपांनी स्नानगृहांपर्यंत पोचवतात. ते सातही पंप तोकुजींच्या हाताखाली होते. पण गावात त्यांना पंपवाला म्हणून कुणी ओळखत नव्हतं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे सात शुभदेवांची फेरी निघते. त्यातले सहा देव दरवर्षी बदलतात. ज्याला सवड असेल तो दाढी लावतो आणि उभा राहतो. सातवा होतेई. हसरा, ढेरपोट्या, खांद्यावर पोतं. तो मात्र इसोबेंच्याच घरातला. आधी आजोबा, मग वडील, आता तोकुजी. भगव्या अंगरख्यातून पोट उघडं टाकून बर्फातून चालायचं, आणि दारोदार माणसांनी बाहेर येऊन त्या पोटावरून हात फिरवायचा. ज्याचा हात लागला त्याला वर्षभर काही कमी पडत नाही. मीही दरवर्षी हात लावत होते, सरकारी नोकरीत असून.

आणि म्हणूनच अकरा वर्षं मी त्या पोटाचा आकडा लिहून पुढे "मार्गदर्शन केले" असं लिहीत आले होते. मार्गदर्शन म्हणजे एक घडीपत्रक. त्यावर गाजराचं चित्र होतं.

त्या जूनमध्ये तपासणी आटोपून सगळे गेल्यावर तोकुजी मागे थांबले. मी वजनकाटा आवरत होते. त्यांनी तो उचलून कपाटात ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

"आजोबा चोपन्नाव्या वर्षी गेले," ते म्हणाले. "बाबा छप्पन्न वर्षं आठ महिने. चार नंबरच्या पंपघरात पडले. मला एप्रिलमध्ये पंचावन्न लागलं... म्हणजे पूर्ण झालं."

"रक्तातली साखर वाढलीय तुमच्या. रक्तदाबही."

"ते कळतं मला. जिना चढलो की कळतं." त्यांनी कपाटाचं दार लावलं. "मरायची भीती वाटते असं नाही. म्हणजे वाटते. पण आई ब्याऐंशीची आहे, नर्सबाई. घरात मी आणि ती, बस्. तिने दोनदा केलंय ते सगळं. गेलेल्याचं अंग पुसायचं, कपडे घालायचे. परत तिच्यावर ती पाळी नको. तिला पोचवून मग मी जाईन, कधीही."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"किती उतरवावं लागेल?"

"तीस किलो. दीड वर्ष धरा."

"आणि होतेई?"

"त्याचा रकाना माझ्या कागदावर नाही," मी म्हणाले. हे बोलायला सोपं होतं, कारण मी इसोबेंच्या घरात राहत नव्हते.

नियम असा आहे की घरात स्वयंपाक जो करतो त्याच्याशी बोलायचं. जुलैत मी त्यांच्या घरी गेले. त्सुनेआजी खिडकीपाशी शिवत बसल्या होत्या. तालुक्यात किमोनो शिवणाऱ्या बायका आता दोनच उरल्यात, त्यातल्या या एक. मला पाहून त्यांनी सुई अंगरख्याला टोचून ठेवली.

"त्या फीतवाल्या तुम्हीच का?"

"हो, आजी."

"बसा. जेवून जा. नाही म्हणू नका, वाढून झालंय."

खरोखरच वाढून झालं होतं. भात, खारवलेला मासा, साखरेत शिजवलेलं रताळं, बटाट्याचे तळलेले वडे, मुळ्याचं लोणचं, आणि भाताच्या जोडीला मांसाच्या रश्शातल्या जाड शेवया. तोकुजींच्या पुढचं भाताचं वाडगं माझ्या घरी मी सॅलडसाठी वापरते तेवढं होतं. मी पोटभर जेवले, कारण दुसरा मार्ग नव्हता, आणि ओठ पुसून मग अर्धा भात, शेवया बंद, तळण आठवड्यातून एकदा, असं बोलू लागले. माझंच मला हसू येत होतं.

"त्याचे वडील याच वाडग्यात जेवायचे," आजी म्हणाल्या. "तीनदा घ्यायचे. एक शीत म्हणून उरवलं नाही कधी."

"आणि छप्पन्नाव्या वर्षी गेले," तोकुजी खाली मान घालून म्हणाले.

"ते वाफेनं गेले. चार नंबरच्या खोलीत वाफ कोंडते. तेव्हा पंखा बसवा म्हणून मी ओरडत होते, ऐकलं कुणी?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "या घरातले पुरुष हृदयाने कच्चे, पोटाने नाही. पोट बघून लोकं पाया पडायचे. बाई, तुम्ही कुठल्या?"

"खालच्या शहरातली."

"तेच."

मग त्यांनी मांडीवरचा अंगरखा उचलून मला दाखवला. तो होतेईचाच होता. जुन्या तागाचा, पिकलेल्या पर्सिमन फळाच्या भगव्या रंगाचा. त्यांनी बाजूची शिवण उलटी करून दाखवली. आत तळहातापेक्षा जास्त रुंदीचं कापड दुमडून घातलेलं होतं.

"सासऱ्यांसाठी शिवला तेव्हा आत एवढं ठेवलेलं. यांच्या वेळी मी उसवून थोडं सोडलं. तोकुच्या वेळी आणखी थोडं सोडलं. अजून पुष्कळ आहे. आमच्यात कापड कापून टाकत नाहीत, आत दुमडतात. पुढच्याला लागतं." त्यांनी शिवण पुन्हा नीट लावली. "यंदा परत सोडावं लागणार असं वाटत होतं मला. बघत बसले होते, तेवढ्यात तुम्ही आलात."

तोकुजी उठून कपाटापाशी गेले. तळाच्या कप्प्यातून त्यांनी एक लहान वाडगं काढलं. त्यावर ससा होता, एक कान पुसलेला. ते त्यांचं शाळेत असतानाचं. ते त्यांनी आईपुढे ठेवलं. पंचावन्न वर्षांचा, एकशे तीन किलोचा माणूस सशाचं वाडगं पुढे करून बसला होता.

आजींनी त्यात भात घातला. मग मोठं वाडगंही शिगोशीग भरलं, आणि ते नेऊन नवऱ्याच्या फोटोपुढे, पितरांच्या देवघरात ठेवलं.

पहिल्या महिन्यात तोकुजींचं वजन तीनशे ग्रॅम कमी झालं. मी त्यांच्या जेवणाची वही तपासली. अर्धा भात, टोफू, बांगडा, पालक. तेलाचा थेंब नाही. पंपघरांना ते गाडी न नेता पायी जात होते, सातही, चढ धरून. मला काही उलगडा होईना.

"खरं सांगा, दुसरं काय खाता?"

"काही नाही."

"बिअर?"

"नाही हो. बाबांपुढचा भात तेवढा."

देवघरातला भात संध्याकाळी खाली काढतात आणि घरातलंच कोणी तरी खातं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरी तो पितळेच्या बोटभर वाटीत असतो. इसोबेंकडे तो मोठ्या वाडग्यात होता, आणि वडिलांसमोरून उठलेला म्हणून तोकुजींच्या हिशेबी तो जेवणात धरायचा नव्हता. वहीत त्याला जागाच नव्हती.

"आईला सांगा, वाटीत ठेवा म्हणून."

"तुम्हीच सांगा ना."

आम्हां दोघांचीही हिंमत झाली नाही. शेवटी तोकुजी तो भात डब्यात भरून नेऊ लागले आणि वाटेत हातोरींच्या कोंबड्यांना घालू लागले. हातोरी त्या बदल्यात अंडी द्यायचे. ती अंडी मी वहीत "प्रथिने" म्हणून लिहिली. हे असं चार महिने चाललं. आजींना पहिल्याच आठवड्यात कळलं असणार असं आता वाटतं, कारण डब्याचं झाकण घट्ट बसत नाही म्हणून त्यांनीच त्याला नवं रबर लावून दिलं होतं.

त्या पहिल्या जानेवारीत पोट एकशे एक होतं. लोकांनी हात लावले. "होतेईला सर्दी झालेली दिसतेय," एवढंच म्हणाले.

मग वजन सरसर उतरू लागलं, आणि उन्हाळ्यात नवीनच भानगड उपटली. आमच्या गावात स्नान सार्वजनिक असतं. कुणाच्या पोटावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. पुरुषांच्या बाजूने हसण्याचा आवाज यायचा तो भिंतीवरून आम्हां बायकांना ऐकू यायचा.

"तोकु, हे तुझं पोतं तू खांद्यावरून पोटावर कधी घेतलंस?"

"त्यात काय नाहीये आता, रिकामंच आहे!"

"पिळून वाळत घाल, थंडीच्या आत वाळेल."

एके दिवशी तोकुजी माझ्या आरोग्य कचेरीत आले आणि दार लावून त्यांनी शर्ट वर केला. चरबी गेली होती आणि कातडी मागे राहिली होती. बेंबीच्या खाली तिची घडी पडून ती पट्ट्यावर लोंबत होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा राग पाहिला.

"हे सांगितलं नव्हतंत."

खरंच सांगितलं नव्हतं. "या वयात कातडी पूर्ण आवळत नाही," मी म्हणाले. "आतला स्नायू घट्ट करता येतो. मग बाहेरचं इतकं लोंबत नाही. घाई नको, अंडी-मासे सोडू नका, आणि रोज व्यायाम."

"कुठे करू? घरी आई बघत बसते."

व्यायाम त्यांनी चार नंबरच्या पंपघरात केला. मी एकदा शिकवायला गेले होते. लाकडी फळीवर पाठ टेकून गुडघे वर घ्यायचे. तोंडाने सगळा श्वास सोडायचा आणि पोट पाठीच्या कण्याकडे ओढून धरायचं. कंबर फळीला चिकटलेली हवी. मग कोपरांवर पालथं होऊन अंग सरळ धरायचं. मग पुन्हा उताणं होऊन कंबर उचलायची. पंप ठोक्यात चालायचा, म्हणून त्यांनी घड्याळ नाही लावलं. दहा ठोके धरायचं, पाच ठोके सोडायचं. पंखा वर फिरत होता. तो कुणी आणि कधी बसवला हे मी विचारलं नाही. आठव्या ठोक्याला त्यांचं अंग थरथरायला लागलं, दहाव्याला ते फळीवर आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले.

"बाबा इथेच पडले होते," ते म्हणाले. "डोकं तिकडे होतं."

"आणखी एकदा करा," मी म्हणाले.

ऑक्टोबरात हातोरी कचेरीत आले, फेरीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून. टोपी हातात घेऊन आले म्हणजे काम गंभीर होतं.

"बाई, तुमचं अभिनंदन करायला पाहिजे. पण आमचा देव तुम्ही संपवलात."

"माणूस जगला ना."

"ते आहेच हो. तो माझा शाळेतला दोस्त आहे, मला नको आहे का तो? पण म्हाताऱ्या बायका दारात येऊन हात पुढे करणार, आणि हातात काय येणार? लोंबती कातडी? पोरं हसतील." त्यांनी टोपी फिरवली. "दुसरा कोणी करायचा म्हटलं तर तिघांना विचारलं. इसोबेंच्या घरचं आहे म्हणून कुणी हात लावत नाही. शेवटी असं ठरवलंय, कापसाचं पोट करायचं. वरून अंगाच्या रंगाचं कापड. त्सुनेआजींसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. त्यांनाच सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"बघते म्हणाल्या. कापूस पाठवून दिलाय चार किलो."

तोकुजींना मी विचारलं तेव्हा ते पंपाचा वॉशर घासत होते. घालीन, म्हणाले. आईने शिवलं तर घालीन. एवढ्या दिवसांत तिने माझ्यासाठी काही केलेलं नाही, भाताशिवाय.

नोव्हेंबरात त्सुनेआजी एकट्या बसने कचेरीत आल्या. रक्तदाब तपासायचा आहे, म्हणाल्या. मी पट्टा बांधला. एकशे अडतीस. त्यांच्या वयाला चांगला. त्यांनी बाही खाली घेतली, पण उठल्या नाहीत.

"तुम्ही शिकलेल्या आहात," त्या म्हणाल्या. "एक विचारते. ते वाफेनं गेले नाहीत ना?"

मी पट्टा गुंडाळू लागले.

"मी त्यांना खायला घालून मारलं का?"

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हांला प्रशिक्षणात शिकवतात. मी तेच बोलले. त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, आजी. घराण्यात असतं. सिगारेट होती, मीठ होतं, बरीच कारणं असतात.

"बाई, मी कारणं विचारली नाहीत. हो की नाही ते सांगा."

खिडकीबाहेर कचेरीचा माणूस थंडीसाठी झाडांना गवताच्या चटया बांधत होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "थोडं, हो."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. मला मात्र आपण हे बोलायला नको होतं असं वाटलं, आणि आजही अधूनमधून वाटतं.

"मला आवडायचं त्यांचं जेवणं," त्या म्हणाल्या. "आवाज करत जेवायचे. सासूबाई जिवंत असताना मला कुणी बरं म्हटलं नाही कधी. ते वाडगं रिकामं करून पुढे करायचे, तेवढंच." मग पिशवीचा बंद आवळत त्यांनी विचारलं, "तोकुचं माप काय आहे आता?"

"सत्त्याऐंशी."

"अजून कमी होईल?"

"आता तिथेच थांबेल. तिथे राहिलं तरी पुष्कळ."

"सत्त्याऐंशी," त्या म्हणाल्या. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं नाही. शिवणाऱ्या बाईला लिहावं लागत नाही.

एकोणीस डिसेंबरला सकाळी तोकुजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तपासणीची तारीख नव्हती. बुटांना बर्फ होता.

"आज मी बाबांपेक्षा एक दिवसाने मोठा झालो," ते म्हणाले. "कुणाला तरी सांगायचं होतं."

"बसा, चहा घ्या."

"नाही, सहा नंबरचा पंप गळतोय." आणि ते गेले.

फेरीच्या दिवशी सकाळी समाजमंदिरात सात जण तयार होत होते. तेल-शेगडीभोवती दाढ्या आणि टोप्या पसरल्या होत्या. मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसले होते. दरवर्षी बर्फात एक तरी देव घसरतो. तोकुजी फक्त खालचे कपडे घालून उभे होते. पोट सपाट म्हणता येणार नाही. बेंबीखाली कातडीची एक सैल घडी होती, पण ती आता लोंबत नव्हती, आतल्या स्नायूला धरून होती. सरकारी नियमाने हा माणूस अजूनही दोन सेंटीमीटर लठ्ठच होता.

त्सुनेआजी गाठोडं घेऊन आल्या. हातोरी पुढे धावले.

"आणा आजी, आणा. बसतंय का नीट ते बघायला पाहिजे, वेळ थोडा आहे."

आजींनी गाठोडं सोडलं. वर अंगरखा होता. त्याच्या खाली काहीच नव्हतं.

"पोट कुठाय?"

"हे काय उभंय," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मुलाकडे बोट केलं.

"अहो, कापूस दिलेला चार किलो..."

"उशा केल्या. चांगल्या झाल्यात. तुमच्या बायकोला पाठवते दोन."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हातोरींनी टोपी काढली, घातली. "आजी, लोकं हात लावायला येतात हो. काय लावणार ते?"

"ज्याला लावायचाय तो लावेल. या घरातल्या दोन पोटांना सगळ्या गावाने हात लावला, हातोरी. मग दोन्ही मला एकटीला पुसावी लागली. सासऱ्यांचं आणि यांचं. तेव्हा कोण आलं होतं?"

हातोरी मागे सरकले. वाईट माणूस नव्हते ते. शेगडीपाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या देवाची दाढी चिकटवायला घेतली.

आजींनी मुलाच्या अंगावर अंगरखा चढवला. मला वाटलं होतं तो ढगळ होईल, दोरीवरच्या पांघरुणासारखा. गेल्या वर्षीच तो बाजूंनी लोंबत होता. पण तो खांद्यापासून खाली नीट उतरला आणि कमरेला जिथे बसायला हवा तिथे बसला. आजींनी पट्टा बांधला, मागे गेल्या, पाहिलं, पुढे येऊन गळ्याची कड सरळ केली.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती?"

"सशाचं एक."

"बरं."

फेरी निघाली. निम्म्या लोकांनी हात लावला, निम्म्यांनी नमस्कार करून विषय मिटवला. एका पोराने मोठ्याने विचारलं, हा होतेई आजारी आहे का, आणि आईने त्याला आत ओढलं. कुणाचा हात जवळ आला की तोकुजी सवयीने पोट आत ओढून धरायचे. मी मागून चालत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. आठ, नऊ, दहा. शेवटच्या गल्लीपर्यंत ते चढ न दमता चढले. इतर देव मागे राहून धापा टाकत होते. मी हात लावला की नाही, तर लावला. कातडी थंड होती आणि आत पंपासारखं काहीतरी ठोक्यात चाललं होतं.

पुढल्या आठवड्यात त्सुनेआजींनी मला एक पुडकं पाठवलं. वरती बटाट्याचे वडे होते, चार. खाली इस्त्री केलेली कापडाची पट्टी, तळहातापेक्षा रुंद, हातभर लांब. पर्सिमनचा रंग. मला आधी कळलंच नाही. मग पट्टी उजेडात धरली तेव्हा तिच्यावर सुईच्या भोकांच्या तीन उभ्या ओळी दिसल्या. उसवलेल्या शिवणींच्या. एक सासऱ्यांची, एक नवऱ्याची, एक मुलाची. दोन ओळींमधलं कापड प्रत्येक वेळी थोडं कमी विटलेलं होतं, आणि शेवटच्या ओळीपलीकडे, जे अजून कुणासाठीच सोडलं गेलं नव्हतं, ते अगदी कोरं होतं.

मी त्यांना फोन केला.

"आजी, कापलंत तुम्ही?"

"हो."

"पुढच्याला लागलं तर?"

फोनवर मागे पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता.

"नाही लागायचं," त्या म्हणाल्या. "वडे गार झाले असतील, गरम करून खा. दोनच खा."

ती पट्टी मी मोजायच्या फितीभोवती गुंडाळून ठेवते. जूनमध्ये तपासणी लागली की ती सोडते, फीत काढते, आणि समोरच्या माणसाला त्याचा टेलिफोन नंबर विचारते.